आमच्यात असं नसतं

'असिमिलेट' हे इंग्रजी क्रियापद मी लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात कित्येक वर्षं शिकवत आले. त्याचा अर्थ मला कळला तो एका सोमवारी दुपारी, आमच्याच घराच्या फाटकात, आणि तोही असा कळला की पुढं आठवडाभर मला धड जेवण गेलं नाही.

लातुरात इंग्रजी शिकवणं म्हणजे पंगतीत मीठ वाढायचं काम. लागतं सगळ्यांना, पण वाढणाऱ्याकडं मान वर करून कुणी बघत नाही. इथं मुलं येतात ती डॉक्टर व्हायला. माझ्या तासाला त्यांच्या मांडीवर जीवशास्त्राचे प्रश्नसंच उघडे असतात आणि त्यांना वाटतं मला ते दिसत नाहीत. मला सगळं दिसतं. मी रोज चिडते आणि रोज शिकवते.

त्या सोमवारी धड्यात एक वाक्य होतं, की नव्यानं आलेली माणसं एका पिढीत तिथं असिमिलेट झाली. मी विचारलं, म्हणजे काय? पहिल्या बाकावरच्या मुलीनं लगेच उत्तर दिलं, "मॅडम, हे बायोलॉजीत आहे. आधी पचन, मग शोषण, मग सात्मीकरण. खाल्लेलं रक्तात जातं आणि मग त्याचं आपलं अंग होतं."

म्हटलं, शाबास. हा झाला पहिला अर्थ, पोटाचा. दुसरा डोक्याचा, म्हणजे वाचलेलं आत्मसात करणं, जे तुम्ही माझ्या तासाला करत नाही. तिसरा माणसांचा. बाहेरून आलेल्याला आपल्यात घ्यायचं आणि हळूहळू आपल्यासारखंच करून टाकायचं. मराठीत यासाठी शब्द पुष्कळ आहेत. सामावून घेणं म्हणा, मुरणं म्हणा, मिसळून जाणं म्हणा, पचनी पडणं म्हणा. पण प्रत्येक शब्द कुणाची तरी बाजू घेतो. सामावून घेण्यात माया आहे, पचवण्यात नाही. इंग्रजी क्रियापद मात्र तोंडाला कुलूप लावून बसतं. ते काम प्रेमानं झालं की नाक दाबून झालं, हे त्यातून कळत नाही. मला ते त्याचमुळं आवडायचं.

मग मी माझं नेहमीचं उदाहरण दिलं. दरवर्षी देते. मी अर्धापूरजवळच्या केळीच्या बागायतदाराची मुलगी. माहेरी दर बुधवारी मटण. प्रेमात पडले लातूरच्या लिंगायत आडत्याच्या मुलाच्या, मूळचं घराणं उदगीरचं. आज माझ्या गळ्यात इष्टलिंग आहे, कपाळाला विभूती आहे, सासूला मी 'अव्वा' म्हणते आणि मटणाचा वास आला की नाकाला पदर लावते. याला म्हणतात असिमिलेट होणं, असं म्हटलं की मुलं हसतात आणि शब्द त्यांच्या लक्षात राहतो.

त्या दिवशी खिडकीकडच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग आधीचं जे असतं ते कुठं जातं?"

"विरघळून जातं," मी म्हणाले. जीवशास्त्रवाल्या मुलीला ते पटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण तास संपला होता.

आता अव्वांबद्दल सांगायला हवं. माझ्या सासूबाईंचं एकच वाक्य होतं आणि त्या वाक्यावर त्यांनी आख्खं घर चालवलं. ते म्हणजे, "आमच्यात असं नसतं." लग्नात ताटातल्या तांदळावर माझं नवं नाव लिहिलं गेलं ते त्यांनी निवडलेलं. मला ते आवडलं नव्हतं. पण आमच्यात सुनेला आवडनिवड विचारायची नसते. स्वामींना बोलावून माझी दीक्षा केली, गळ्यात लिंग आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या जिभेची शाळा सुरू झाली. मी 'हाव' म्हटलं की त्या हातातलं काम सोडून म्हणायच्या, "होय म्हण. आमच्यात होय म्हणतात." मी 'कामून' म्हटलं की, "का म्हण." माझ्या नवऱ्याच्या, दिरांच्या कुणाच्या कानावरही ते शब्द पडायचे नाहीत. अव्वांच्या कानावर मात्र पडायचेच, मग त्या न्हाणीघरात असोत की गच्चीवर. मी मनात म्हणायचे, हिला देवानं कान दिलेत की सापळे?

आणखी एक. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून केळीचा घड आला तेव्हा मी हौसेनं उचलायला गेले. अव्वा लांबून ओरडल्या, "पदर सावर. चीक लागला तर डाग मरेपर्यंत जात न्हाई." घरात बाकी कुणाला केळीला चीक असतो हेही माहीत नव्हतं. मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. पण मला तेव्हा त्यांचा नुसता राग यायचा, आणि रागात माणसाला नवल वाटत नाही.

त्यांचं स्वतःचं माहेर बिदरकडचं होतं म्हणे. आईबाप लहानपणीच गेले, कुणी उरलं नाही. पंचमीला गल्लीतल्या बायकांना न्यायला भाऊ यायचे तेव्हा अव्वा पुढचं दार लोटून घेऊन आत लाह्या भाजत बसायच्या. आमच्या लग्नात नवऱ्याच्या मामाचा मान शेजाऱ्यानं घेतला. मामाच नव्हता, तर काय करणार?

दर सोमवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या बायकांचं भजन असतं. अव्वा सुरुवात करतात. त्यांच्या शेजारी बसतात थोरल्या काकू, म्हणजे अव्वांची थोरली जाऊ, वय ऐंशीच्या पुढं. अव्वा त्यांना अक्का म्हणतात. सोवळंओवळं, श्रावण, शिवरात्र, कुणी कुठं चुकलं, याचा निवाडा या दोघींकडं. त्यातही काकू एकवेळ सोडून देतील, अव्वा सोडणार नाहीत. गल्लीतल्या नव्या सुना त्यांना चळाचळा कापतात आणि मला त्याचं मेलं बरंच वाटायचं, आपण एकट्याच नाही म्हणून.

त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. धोंड्याचा महिना म्हटला की जावयाला जेवायला बोलवायचं, इतकंच मला ठाऊक. पण त्या वर्षी कुणाच्या तरी मोबाईलमधून एक पिल्लू सुटलं, की हा महिना भावांना जड आहे आणि प्रत्येक भावानं बहिणीला साडी नेऊन दिलीच पाहिजे. कुठल्या पोथीत लिहिलंय, कुणी सांगितलं, विचारायची सोय नाही. एसटीच्या गाड्या पिशव्या घेतलेल्या भावांनी भरून वाहू लागल्या. माझाही भाऊ आला. मी त्याला शिकल्यासवरल्या माणसानं असल्या अफवांवर विश्वास ठेवावा का म्हणून चांगलं झापलं आणि साडी ठेवून घेतली.

तर त्या सोमवारी मी कॉलेजातून आले तेव्हा बायका नुकत्याच जमत होत्या. मी फाटक लावायला वळले आणि समोर एक म्हातारा उभा. धोतर, पटका, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा, हातात कापडी पिशवी. पिशवीतून केळफुलाचं जांभळं टोक वर आलेलं.

त्यानं एका बाईचं नाव घेतलं आणि विचारलं, "हितंच राहती ना?"

ते नाव आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. मी म्हटलं, "इथं त्या नावाचं कुणी नाही, बाबा."

"न्हाई कसं? आडत बाजारात दुकानावर इचारून आलो. हेच घर म्हणले."

"नाव चुकलं असेल तुमचं."

"बहिणीचं नाव कसं चुकंल, बाई?"

त्याचं बोलणं मी लगेच ओळखलं. आमच्याकडचं बोलणं होतं ते, थेट आमच्या शिवारातलं. मी विचारलं, कुठून आलात? तर म्हणाला, "अर्धापुराच्या पल्याड. सकाळच्या गाडीनं निघालो. भावाला जड हाय म्हणून राहिले ना सगळे, म्हून साडी घेऊन आलो. आता माझं वय झालं, मला जड काय अन् हलकं काय. पण घरची म्हणली, तुम्हाला एक बहीण हाय का न्हाई? हाय, तर मग जावा की."

तेवढ्यात आतून अव्वा आल्या. "कोण आहे गं?"

"बहिणीला शोधतायत. घर चुकलंय," मी म्हणाले आणि त्यानं घेतलेलं नाव सांगितलं.

अव्वांनी त्याच्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहत होते, तरी मला काही दिसलं नाही. एवढंच दिसलं की त्यांनी दाराची चौकट धरली आहे. गुडघे दुखतात, म्हणून त्या नेहमीच धरतात. म्हाताराही त्यांच्याकडं पाहत राहिला. विभूतीचे पट्टे, गळ्यातलं लिंग, काठापदराची करडी साडी, सगळं वरपासून खालपर्यंत त्यानं पाहिलं.

"पाणी दे त्यांना," अव्वा मला म्हणाल्या. "चुकून आलेत."

आणि त्या आत गेल्या. पाठोपाठ टाळ वाजले, त्यांच्याच खणखणीत आवाजात भजन सुरू झालं. आवाज जरासुद्धा हलला नव्हता.

म्हातारा पायरीवर बसून पाणी प्याला. "चुकलोच म्हणायचं," तो म्हणाला. मग मला माझं माहेर विचारलं. मी सांगितलं तर त्याचा चेहरा उजळला. "मंग तर तुमी आमच्या शिवारातल्याच की! ही साडी तुमी घ्या. बहिणीच्या नावानं काढलेली साडी घरात माघारी न्हेता येत न्हाई."

मी नको नको म्हणत होते. कुणाची तरी बहीण, कुणाची तरी साडी, माझा काय संबंध? शिवाय त्या मोबाईलवरच्या मूर्खपणानं एवढ्या म्हाताऱ्या माणसाला उन्हातान्हात पळवलं, म्हणून मला भयंकर संताप आला होता. त्यानं माझं ऐकलं नाही. पिशवी पायरीवर ठेवली, हात जोडले आणि निघाला.

फाटकाबाहेर गेल्यावर तो एकदा वळला. आणि त्यानं ते नाव घेऊन हाक मारली. माझ्याकडं बघून नाही, आमच्या घराकडं बघून. केळीच्या दाट बागेत समोरचं माणूस दिसत नाही, तेव्हा बांधावरून हाक मारतात तशी, शेवटचं अक्षर लांबवून.

आत टाळ वाजत होते, पाच-सहा बायका गात होत्या, आणि त्या गाण्यातून स्पष्ट ऐकू आलं, "हाव!"

टाळ थांबले.

त्या घरात 'हाव' म्हणणारी आजवर एकच बाई होती, आणि ती तर फाटकाजवळ उभी होती.

अव्वा बाहेर आल्या त्या अनवाणी, हातात टाळ तसेच. चौकट धरली नाही, पायऱ्या उतरताना माझ्या खांद्याचा आधारही घेतला नाही. मला ओलांडून फाटकात गेल्या आणि म्हणाल्या, "इतक्या उन्हाचा कामून आलास रे?"

कामून! वीस-बावीस वर्षं ज्या शब्दासाठी मी बोलणी खाल्ली तो शब्द त्यांच्या तोंडून असा आला, जसा त्यांच्या तोंडातून कधी गेलाच नव्हता.

म्हातारा रडत नव्हता. तो घाईघाईनं सांगत होता, सांगायचं राहून जाईल अशा घाईनं. "बापानं तुझ्या नावानं आंघोळ केली. सगळ्या घरानं केली, गेलेल्या माणसाची करत्यात तशी. मला बी हिरीवर न्हेलं होतं. मी पळालो. केळीत लपून बसलो. मी केली न्हाई आंघोळ. म्हून तू माझ्यासाठी जित्ती हायस."

अव्वांनी त्याच्या गालावर हात ठेवला. "लई म्हातारा झालास," त्या म्हणाल्या.

मी मागं पाहिलं. सगळ्या बायका दारात दाटीवाटीनं उभ्या. पुढं थोरल्या काकू काठी टेकून. अव्वांनीही मागं पाहिलं. काय पणाला लागलंय ते मला त्याच क्षणी कळलं. या गल्लीत आपलं कोण आणि परकं कोण हे ज्या बाईनं आजवर ठरवलं, तिचंच आता ठरणार होतं. अजूनही म्हणता आलं असतं, की ओळखीचा आहे, गावाकडचा आहे, काहीही.

"माझा भाऊ हाय," त्या म्हणाल्या. "सख्खा."

एकेक बाई चप्पल घालून हळूच निघून गेली. काकू शेवटी गेल्या. जाताना त्यांनी पायरीवरच्या पिशवीकडं पाहिलं आणि काठी टेकत समोरच्या त्यांच्या घरात शिरल्या. अव्वा बघत होत्या. "गेल्या," एवढंच म्हणाल्या.

नवरा दुकानातून धावत आला. पन्नाशीच्या माणसाला एकाएकी मामा मिळाला, त्याची तर बोबडीच वळली. पाया पडला आणि "मामा, जेवलात का?" असं विचारलं. मामा जेवतच होते. थोड्या वेळानं परत तेच विचारलं.

हकीगत फार मोठी नव्हती. माझे सासरे तरणे असताना हळदीच्या खरेदीला आमच्या भागात यायचे. अव्वा त्यांच्याबरोबर निघून आल्या. माहेरच्यांनी आंघोळ करून मोकळं करून घेतलं. भावाला सासऱ्यांचं नाव आणि लातूरची आडत एवढंच ठाऊक होतं, त्यावरून तो दुकानापर्यंत पोचला होता. उदगिरात सासऱ्यांनी घरी सांगितलं, की बिदरकडची आपल्यातलीच पोरकी मुलगी आहे. पोरकेपणात संस्कार राहून गेले म्हणत लगोलग स्वामींकडून ते सगळे करून घेतले, नवं नाव पडलं, आणि पुढचं सगळं अव्वांनी एकटीनं केलं. कुणी शिकवलं नाही. शिकव म्हणायची सोयच नव्हती, जी आपल्यातलीच आहे तिला काय शिकवायचं? थोरल्या जावेच्या हाताकडं बघून बघून त्या शिकल्या. सासरे वारल्यावर ही गोष्ट जगात एकट्या अव्वांना माहीत राहिली. निदान त्यांना तसं वाटत होतं.

भाऊ संध्याकाळच्या गाडीनं गेला. मी स्वयंपाकघरात आले तर अव्वा खाली बसून केळफूल निवडत होत्या. बोटांना तेल लावलेलं. एकेक जांभळं पान उलगडून आतली फुलं काढायची, प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि त्याच्यालगतचा पापुद्रा खुडून टाकायचा, फुलं ताकात टाकायची. माझी आई करते तसं, त्याच वेगानं, न बघता. एवढ्या वर्षांत त्यांनी आमच्या घरात केळफूल येऊ दिलं नव्हतं. आमच्यात असं नसतं.

मी तिथं उभी राहून जळत होते. धक्का तर होताच, पण धक्क्याखालून राग वर येत होता. माझं नाव घेतलं हिनं. माझं ताट बदललं. माझे शब्द एकेक वेचून काढले, गव्हातले खडे वेचावेत तसे. परक्या बाईनं केलं असतं तर मी समजू शकले असते. पण ही तर त्याच वाटेनं आलेली!

"अव्वा," मी म्हणाले, "तुम्हाला सगळं ठाऊक होतं. कसं वाटतं तेही ठाऊक होतं. मग माझ्याशी असं का वागलात?"

त्यांनी मान वर केली नाही. हातातल्या फुलाचा दांडा खुडला.

"तू 'हाव' म्हणलीस की माझ्या तोंडात यायचं गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं एकदा बी आलं नव्हतं. तू घरात आलीस, बोलाया लागलीस, अन् मला रोज जीभ चावावी लागायची. तू थांबली नसतीस तर मी सापडले असते."

मी खालीच बसले. एवढ्या वर्षांचा राग गोळा करून आणला होता आणि आता तो ठेवायला जागा उरली नव्हती. मी हाताला तेल लावलं आणि उरलेली फुलं निवडायला घेतली.

तो आठवडा वाईट गेला. गल्लीतलं कुणी आलं नाही. म्हणजे येऊ नये असं काही घडलं नव्हतं, पण रोज विरजण मागायला, वाटी परत द्यायला कुणी ना कुणी यायचं, ते आलं नाही. अव्वा पूजा करायच्या, जेवायच्या, आणि दिवसभर पुढच्या खोलीत दाराकडं तोंड करून बसायच्या. समोर काकूंचं दार. एकदा मला म्हणाल्या, "लिंग काढून द्या म्हणतील का गं?" मी म्हटलं, कोण म्हणेल, कुणाची टाप आहे? पण मलाही खात्री नव्हती. माझ्या वेळी दीक्षा उजेडात झाली होती. यांची अंधारात झाली होती.

पुढचा सोमवार आला. अव्वांनी भावानं आणलेली हिरवी साडी नेसली. सतरंज्या घातल्या, टाळ काढून पुसले आणि मांडीवर घेऊन बसल्या. मी त्या दिवशी कॉलेजात रजा टाकली होती. भजनाची वेळ झाली तरी कुणी आलं नाही. मी चहा ठेवते म्हणून आत जाणार, तेवढ्यात फाटक वाजलं.

थोरल्या काकू आल्या. नेहमीसारख्या भिंतीला टेकून बसल्या, काठी शेजारी ठेवली, आणि अव्वांच्या पदराचा काठ बोटात धरून पाहिला.

"भावानं आणली ती?"

"हाव," अव्वा म्हणाल्या.

"रंग चांगला हाय. तुला हिरवा शोभतो."

अव्वांना राहवलं नाही. "अक्का, त्या दिवशी तुम्ही सगळ्या उठून गेलात. काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? भाऊ आला होता तुझा. कधी नव्हं ते माहेरचं माणूस आलं, तिथं आम्ही कशाला बसायचं? म्हटलं चार दिवस तिच्या घरात पाव्हणेरावळे असतील, बायकांना पण सांगितलं, कुणी जाऊ नका."

"अक्का, मी बिदरची न्हाई."

"ठाऊक हाय की," काकू म्हणाल्या.

मी दारातच थांबले. अव्वांनी विचारलं, "कधीपासून?" त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. नवी होतीस, माझ्याजवळ झोपायचीस. झोपेत बोलायचीस सगळं तुमच्याकडचं. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, लिंग घातलं ना गळ्यात? मग ती आपली. मागचं विचारायचं नाही. सगळ्या घराला ठाऊक होतं, अगं. स्वामींनापण ठाऊक होतं. पण विचारणार कोण? आमच्यात असं नसतं."

काकू हे फार मायेनं बोलल्या. आणि त्यात खोटं काही नव्हतं, एकदा दीक्षा झाल्यावर आधीची जात विचारणं हे आमच्यात पापच मानतात. मला हे लग्नातच सांगितलं होतं. अव्वांनीच सांगितलं होतं. एवढा मोठा धर्म त्यांनी दुसऱ्याला शिकवला आणि स्वतःला तो लागू आहे हे त्यांना कधी वाटलंच नाही. कुणी विचारत नाही म्हणजे कुणाला माहीत नाही, असं त्या धरून चालल्या. आणि तेवढ्यावर त्यांनी स्वतःची जीभ चावली, भावाला चुकून आला म्हटलं, आणि माझ्या तोंडातून माझं माहेर उपटून काढलं. सगळं कुणासाठी? ज्यांना सुरुवातीपासून माहीत होतं त्यांच्यासाठी.

अव्वा काकूंकडं एकटक बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं त्या हात जोडतील, पाया पडतील.

"एकदा तरी इचारायचं होतं, अक्का," त्या म्हणाल्या.

काकूंनी शेजारची काठी उगाच जवळ ओढली. बाहेर फाटक वाजलं, बायका आल्या, आपापल्या जागी बसल्या. कुणीतरी म्हणालं, चला, सुरू करा. टाळ अव्वांच्या मांडीवरच होते, त्यांनी ते अजून उचलले नव्हते.